अर्धी गोळी

आईच्या औषधांचा डबा म्हणजे श्रीखंडाचा डबा. अर्ध्या किलोचा, झाकणावरचं केशर घासून घासून फिकटलेला. त्यात पट्ट्या, अर्ध्या पट्ट्या, पाव पट्ट्या आणि रबरबँडात एकत्र बांधलेले दोन-दोन गोळ्यांचे तुकडे. थायरॉइडची बाटली उभी मावत नाही म्हणून आडवी घातलेली. गेल्या नोव्हेंबरात आई दोन महिन्यांसाठी दुबईला धाकट्याकडे जायची होती. साड्या, मेतकूट, भाजणी, एसीसाठी स्वेटर, सगळं तिचं तिने भरलं. मला म्हणाली, "औषधं तेवढी तू बघ." मुलुंडहून पार्ल्याला येताना वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. बारा दिवस लागले.

डबा वर्तमानपत्रावर पालथा केला आणि पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात आलं, की यातल्या निम्म्या गोळ्यांची नावंच मला वाचता येत नाहीत. अक्षर बारीक म्हणून नव्हे, नाव असलेला भागच जागेवर नव्हता. आपल्याकडे केमिस्ट कात्रीने पट्टी कापून देतो. पाच हव्यात तर पाच, सात हव्यात तर सात. गरिबाला परवडतं, म्हाताऱ्यांना उधळपट्टी वाटत नाही, सोय चांगलीच आहे. पण बॅच नंबर आणि एक्स्पायरी पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते. ते टोक आधीच्या गिऱ्हाइकाबरोबर गेलेलं असलं, तर आपल्या हातात उरतो तो नुसता चंदेरी कागद आणि त्यातले पाच फुगवटे.

आईचं काही अडत नव्हतं. तिच्याकडे तिची भाषा होती. 'प्रेशरची', 'शुगरची मोठी', 'उपाशीपोटीची', 'रविवारची' (ही ड जीवनसत्त्वाची, आठवड्याला एक) आणि 'झोपेची अर्धी'. केमिस्टने कंपनी बदलली आणि गोळीचा रंग बदलला, की दोन दिवस कुरकुर व्हायची आणि मग 'प्रेशरची पांढरी' गुमान 'प्रेशरची गुलाबी' होऊन जायची.

आमच्या घरात आजाराला पूर्ण नावाने हाक मारायची पद्धतच नाही. मधुमेह कोणालाच नसतो, 'थोडी शुगर' असते. बाबांना हृदयविकार नव्हता, 'जरा छातीचं' होतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी असायची, तीत सॉर्बिट्रेटच्या चार गोळ्या. पार्ले ते चर्चगेट रोज उभ्याने प्रवास करणारा माणूस ही डबी खिशात खुळखुळवत जायचा. गाडीच्या डब्यात कोणी विचारलं तर "बडीशेप" म्हणायचा. ही गोष्ट तो घरी येऊन हसत सांगायचा आणि आम्हीही हसायचो. गोळी खरंच लागलीच असती तर शेजारच्याने ती जिभेखाली ठेवायची की चघळायला द्यायची, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कोणालाही पडला नाही.

बडीशेप म्हणून चर्चगेटपर्यंत जाता येतं. विमानतळावर नाव लागतं. तेही ब्रँडचं नव्हे, आतल्या औषधाचं, कारण आपल्याकडच्या कंपनीने ठेवलेलं बारशाचं नाव तिकडच्या डॉक्टरला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. आपल्या पॅरासिटामॉलला अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलचं तिकडे अल्ब्युटेरॉल होतं. त्यात आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं घालायची फार हौस. आईची 'प्रेशरची' अशीच जोडगोळी निघाली. मी वहीत दोन रकाने केले, डावीकडे आईचं नाव आणि उजवीकडे खरं नाव. 'उपाशीपोटीची'समोर लेव्होथायरॉक्सिन लिहिलं, 'शुगरची मोठी'समोर मेटफॉर्मिन. आई चष्मा लावून शेजारी बसली होती. म्हणाली, "सोयरीक जमवतेयस की काय?"

मग हिशेब. मुक्काम बासष्ट दिवसांचा, वर दहा दिवसांची पुरवणी. या पुरवणीबाबत मी हट्टी आहे. २०२० च्या मार्चमध्ये विमानं थांबली तेव्हा आमच्या सोसायटीतल्या एक काकू मुलीकडे अडकल्या आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मोजत बसल्या. तर बहात्तर दिवस. प्रेशर ७२, मेटफॉर्मिन दोन वेळा म्हणजे १४४, कोलेस्टेरॉल ७२, थायरॉइड ७२, कॅल्शियम ७२. एकूण ४३२ गोळ्या. झोपेची आणि रविवारची वेगळी. आता गंमत बघा, एक पट्टी दहाची, एक पंधराची, एक वीसची आणि थायरॉइडची बाटली शंभराची. सगळी एकाच दिवशी संपतील असा मेळ काही बसत नाही. केमिस्टला म्हटलं, "अख्ख्या पट्ट्या द्या, कापू नका, आणि बिलावर आईचं नाव घाला." त्याने कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची पावती मागितली होती.

आईच्या इन्सुलिनचं मला टेन्शन नव्हतं. ते या घराला पाठ आहे. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत, वापरात असलेलं बाहेर ठेवलं तरी चालतं, पण मर्यादा २८ दिवसांची आणि उन्हापासून लांब. चेक-इनच्या बॅगेत कधीच घालायचं नाही. बॅग हरवली तर गेलंच, आणि सामानाच्या पोटात गारठून गोठलं तरी गेलंच. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखं दिसलं तरी कामाचं राहत नाही. त्यामुळे बर्फाच्या पिशवीलाही थेट चिकटवून ठेवायचं नसतं, मध्ये फडकं हवं.

हे पाठ झालं ते २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्याकडची वीज गेली ती तीन दिवस. आईने पहिल्या रात्रीच बाबांच्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या फ्रिजमधून काढून स्टीलच्या उभ्या डब्यात घातल्या, झाकणाला मेण लावलं आणि डबा माठात सोडला. माठाला बाहेरून ओलं फडकं. मुंबईच्या जुलैत माठ तरी काय गार होणार म्हणा, हवेतच इतकं पाणी की मातीतून झिरपलेलं उडून जायला जागा नाही. पण घरात त्यातल्या त्यात थंड जागा तीच होती. तीन दिवस आम्ही पाणी कळशीतून प्यायलो. त्या माठाला कोणी ओगराळं लावलं नाही. आता त्याच तत्त्वावर चालणारं कापडी पाकीट मिळतं. पाण्यात बुडवलं की आतले खडे फुगतात आणि पाणी उडून जाताना आतलं पेन गार ठेवतात. आईने ते हातात घेऊन दाबून पाहिलं. "माठच आहे. घडी घातलेला."

वेळांचाही फार घोळ नव्हता. अमेरिकेचा पूर्व किनारा असता तर साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक, इन्सुलिनचं वेळापत्रक डॉक्टरांकडून नव्याने मांडून घ्यावं लागलं असतं. दुबई फक्त दीड तास मागे. तरी आईने घड्याळ मागे करायला साफ नकार दिला, गोळ्या 'आपल्या' वेळेवरच घेणार म्हणाली. तिच्या वडलांचीही हीच तऱ्हा. १९५५ पर्यंत मुंबईला स्वतःची वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आणि गिरगावातले आमचे आजोबा त्यानंतरही कित्येक वर्षं कोणी वेळ सांगितली की "कुठला टाइम?" असं विचारत.

गाडी अडली ती खसखशीपाशी. आई धाकट्यासाठी अनारसे नेणार होती. दिवाळीत त्याला मिळाले नव्हते. औषधांचे नियम वाचता वाचता मला कळलं, की अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. बंदी म्हणजे कडक बंदी, मसाल्यातली चिमूटसुद्धा नाही. आईचा विश्वास बसेना. "खसखस? अगं, अनारशावरची खसखस?" मी म्हटलं, आई, ती अफूच्या बोंडातली बी आहे. काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असतं ना, ते त्याच बोंडाच्या चिकात असतं. त्यांच्या लेखी सगळं एकच झाड. "मग तिळावर थापते," ती म्हणाली आणि स्वतःच मान हलवली. "नको. तिळावरचा तो अनारसा नव्हे." शेवटी धाकट्याला रव्याचे लाडू गेले आणि अनारसे मुलुंडला आमच्याकडे आले. आमच्या पथ्यावरच पडलं.

पण त्या नियमांतल्या औषधांच्या यादीत कोडीनच्या बरोबरीने, ट्रामाडॉलच्या आसपास, आणखी एक नाव होतं. ते माझ्या वहीत उजव्या रकान्यात, 'झोपेची अर्धी'समोर मी आदल्याच रात्री लिहिलं होतं. क्लोनाझेपाम. अशी गोळी न्यायची तर तिथल्या सरकारची आधी परवानगी लागते. परवानगीला प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचं पत्र लागतं.

प्रिस्क्रिप्शन होतं. आईने देव्हाऱ्याखालच्या खणातून काढून दिलं, लॅमिनेट केलेलं. तारीख २०११. ज्या डॉक्टरांची सही होती त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आई दर महिन्याला कोपऱ्यावर जाऊन "माझी नेहमीची" म्हणे आणि तिला मिळे. तसं मिळायला नको होतं. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्याच नसतात. पट्टीवर लाल रेघ असते ती त्याचसाठी. केमिस्टवर चिडले खरी, पण फार वेळ चिडता येईना. चौदा वर्षं ही गोळी माझ्या डोळ्यांदेखत टेबलावर होती आणि मीही तिला झोपेची अर्धी म्हणूनच ओळखत होते.

'अर्धी' हा शब्द मात्र अगदी नेमका होता. आई ती गोळी रोज रात्री अडकित्त्याने अर्धी करते. बाबांचा अडकित्ता, पितळी, मोराच्या मानेचा. गोड बंद झाल्यावर त्यांचं एकच व्यसन उरलं होतं, सुपारी. रात्री जेवण झालं की कातरायचे. ते गेले, सुपारी गेली, अडकित्ता राहिला. इतक्या मोठ्या हत्याराखाली मुगाएवढी गोळी बरोबर मधोमध तुटत नाही. एक अर्धी मोठी निघते, एक लहान. "मोठी आज, लहान उद्या," आई म्हणते. "हिशेब बरोबर लागतो." कधी एखादी उडून फ्रिजखाली जाते. ती केरसुणीने ओढून, फुंकून घेतलेली मी पाहिली आहे.

नव्या डॉक्टर बाई चाळिशीच्या, शांत. लॅमिनेट केलेला कागद त्यांनी उलटसुलट पाहिला, पण हसल्या नाहीत. मला ते आवडलं.

"कधीपासून घेताय, आजी?"

"चौदा वर्षं."

"कशासाठी?"

मी म्हटलं, "झोपेसाठी." त्यांनी माझ्याकडे न बघता हात किंचित वर केला. "त्यांना सांगू दे."

आईने पर्स मांडीवर सरळ केली. "तीनला जाग येते."

"आणि मग?"

"मग हात जातो."

"कुठे?"

"शेजारी. कपाळाला घाम आहे का बघायला."

बाबांची शुगर रात्री उतरायची, हे मला माहीत होतं. इन्सुलिनवरच्या माणसाची साखर पहाटेच्या सुमाराला घसरली तर झोपेतच घसरते. घाम फुटतो, अंग गार पडतं आणि त्याला स्वतःला जाग येईलच असं नाही. डॉक्टरांनी २००८ साली सांगितलं होतं की रात्री तीनला एकदा तपासत जा. मशीनच्या पट्ट्या महाग, रोज कुठून टोचणार. म्हणून आई गजर लावून उठायची आणि कपाळ चाचपायची. ओलं लागलं की साखरपाणी. तीन वर्षं. पहिल्या वर्षानंतर गजराचीही गरज लागेना. हे मात्र मला माहीत नव्हतं. मी मुलुंडला होते, तीनला झोपलेली असायचे.

डॉक्टर बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग कामाचं बोलल्या. या वयात या गोळीने तोल जाऊ शकतो, पडायची भीती असते, कधीतरी ती सोडायला हवी. पण प्रवास आहे म्हणून अचानक बंद करायची नाही. इतकी वर्षं घेतलेली गोळी एकदम थांबवली तर झोप पार उडते, झटकेसुद्धा येऊ शकतात. परत आल्यावर हळूहळू कमी करू, महिने लागतील. मग पत्र लिहायला घेतलं. नाव, वय, पासपोर्टचा नंबर, निदान, औषधाचं मूळ नाव, डोस, किती दिवसांचं. लिहिता लिहिता म्हणाल्या, "आणि आजी, कापायची कशाला? शून्य दशांश दोन पाचची अख्खी गोळी मिळते की."

आई म्हणाली, "असं?" आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

रिक्षात तिने पत्र मागून घेतलं. ओळीवर बोट ठेवत वाचलं. "क्रॉनिक इन्सोम्निया." पुन्हा एकदा वाचलं. "याला नाव आहे होय." पार्ल्याच्या पुलावर ट्रॅफिक होता, रिक्षा बराच वेळ एका जागी उभी होती. पत्र तिने घडी न घालता पर्सवर आडवं धरून ठेवलं, ओली सही पुसली जाईल म्हणून.

धाकट्याने तिथून ऑनलाइन अर्ज केला. परवानगी आली, तिच्याही दोन प्रती काढल्या. औषधांची एक पारदर्शक पिशवी केबिनच्या बॅगेत, पत्र सर्वांत वर, अख्ख्या पट्ट्या, बिलं, इन्सुलिनचं पाकीट आणि सुया. पत्राची दुसरी प्रत मोठ्या बॅगेत, तिसरी माझ्या फोनमध्ये फोटो म्हणून. श्रीखंडाचा डबा घरीच ठेवायचा ठरलं. आईने उत्तरंही पाठ केली होती. आदल्या रात्री मी पोलिसाचा आवाज काढून विचारायचे, "ये क्या है?" आणि ती पट्ट्या एकेक करून वर धरायची. टेल्मिसार्टन. मेटफॉर्मिन. अॅटोर्व्हास्टॅटिनला जीभ अडखळायची. क्लोनाझेपाम मात्र स्वच्छ.

टी-टूच्या दारातून आत मला जाता येत नाही. व्हीलचेअरवाल्या मुलाच्या ताब्यात तिला दिली, काचेतून ती दिसेनाशी झाली आणि मी समोरच्या खांबाला टेकून फोन धरून उभी राहिले. पाऊण तासाने फोन आला.

"काही विचारलं का?"

"औषधांचं? नाही बाई. बघितलंसुद्धा नाही." आवाजात थोडी निराशा होती. एवढा अभ्यास केलेला. "पत्र मीच पुढे केलं, तर म्हणाली, ठीक आहे आजी, चला."

"मग बरं झालं."

"अडकित्ता काढून घेतला."

मी गप्प.

"पर्समध्ये होता. तळाशी."

"आई, आता तुला अख्खी गोळी आहे ना? कापायचं काय होतं?"

"काही नाही. असाच." मागे कुठल्याशा विमानाची घोषणा चालू होती. "ती मुलगी चांगली होती गं. धार बघून म्हणाली, नाही नेता येणार. म्हटलं, ठेवा. टोपलीत ठेवलाय, नेलकटर नि कात्र्या होत्या त्यात." मग एकदम, "हे व्हीलचेअरवाल्याला किती द्यायचे असतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुबईला फोन लावला तेव्हा ती करामातल्या धाकट्याच्या घरी चहा पीत होती. गोळ्या मोजून झाल्या होत्या, सगळ्या बरोबर भरल्या होत्या. थायरॉइडची बाटली फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या सुनेला समज देऊन झाली होती. झोपेची साडेआठला घेतली, म्हणजे आपले दहा. अख्खीच. तुकडा न करता गिळताना चुकल्यासारखं वाटलं म्हणे, डबल झाली की काय.

"मग लागली का झोप?"

"लागली. तीनला जाग आली."

"हं."

"आपले तीन गं. इथे दीडच वाजले होते. बाहेर आले तर सगळे जागेच! नातू मॅच बघतोय, हा लॅपटॉप घेऊन बसलाय. मला म्हणतात, आजी, तू झोपली नाहीस अजून? पोरांनी नूडल्स केल्या होत्या. मीही खाल्ल्या थोड्या." चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. "शुगर नाही मोजली आज. उद्या मोजते."